भाता रिकामा होता

त्या उन्हाळ्यात रुख्माच्या भट्टीतून लोखंड निघालं. चांगलं निघालं. टरबुजाएवढा गोळा.

नाही, थांबा. निघालं नाही.

सरकारचं म्हणणं असं, की त्या भागातल्या सगळ्या भट्ट्या आधीच बंद झाल्या होत्या. भट्टीच नाही तर लोखंड निघणार कुठून? बरोबर आहे. आपणही तसंच धरून चालू. लोखंड निघालं नाही, भाता हलला नाही, आणि मुन्नालाल नाकेदाराच्या पायांना काहीही झालं नाही.

आता हे जे झालंच नाही, ते कसं झालं ते सांगतो.

यातलं एक अक्षरही पदरचं नाही. हे सुकरामने सांगितलं, आणि सुकराम तिथे उभा होता. तो खोटं बोलायचा, पण फक्त आपण किती प्यालो याबद्दल.

जागा म्हणाल तर प्रतापगडच्या डोंगराच्या पायथ्याची एक वस्ती. अर्जुनीहून सकाळी निघालं की उन्हं चढेपर्यंत पोचतो. तेव्हा हा सगळा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता, आणि गोंदियाहून चांद्याकडे आगगाडी नुकतीच पळायला लागली होती.

वेळेबद्दल मात्र माफी मागतो. रात्र नव्हती. अमावस्याही नव्हती. वैशाखातली भर दुपार होती. हे भूत पाहायला दिवा लागला नाही, डोक्यावर पदर लागला.

वस्तीतली मोजकी घरं दगडातून लोखंड काढायची.

काम ऐकायला सोपं. डोंगरातला तांबडा-काळा जड दगड खणायचा, भाजायचा, कुटायचा. धावड्याच्या लाकडाचा कोळसा पाडायचा. छातीएवढी मातीची भट्टी बांधायची. वरून टोपलीभर कोळसा, त्यावर ओंजळभर दगड, पुन्हा कोळसा. खालून मातीच्या नळीने वारा द्यायचा... दिवसभर. दगडातली घाण मळी होऊन खालच्या भोकातून वाहते आणि लोखंड तळाशी बसतं. पाण्यासारखं वितळत नाही. बसतं. रुसलेल्या जावयासारखं. मग त्याला ओढून बाहेर काढायचं आणि घणाने इतकं ठोकायचं की उरलेली मळीही निघून जाते. त्याचं पोलाद करून कुऱ्हाडीला धार लावली, तर ती कुऱ्हाड नातवापर्यंत चालायची.

वारा द्यायला भाता. लाकडाची दोन खोलगट भांडी, त्यांवर ताणलेलं गाईचं कातडं, कातड्याला मधोमध भोक. एकावर डावा पाय, दुसऱ्यावर उजवा. टाचेने भोक दाबायचं आणि अंगाचा भार टाकायचा... फुस्स. मागे रोवलेला बांबू दोरीने कातडं पुन्हा वर खेचतो. मग दुसरा पाय... फुस्स.

आणि त्या वस्तीचा एक नेम होता.

भात्यावरचा माणूस आपल्या मनाने उतरायचा नाही. वारा मध्येच थांबला की लोखंड अर्ध्यात गोठतं, सगळं फुकट. पण भात्यावरच्याला काही दिसत नाही. धुराने डोळे मिटलेले असतात. म्हणून भट्टीच्या तोंडाशी बसलेल्या बाईने मळीचा रंग बघायचा आणि लोखंड बसलं की म्हणायचं, "उतर." तोवर पाण्याचा घोटसुद्धा नाही. नाहीतर दुसऱ्या कोणी येऊन भात्यावर पाय ठेवायचा, म्हणजे पहिला सुटला.

या दोनच वाटा. तिसरी नाही.

त्यामुळे वस्तीतले नवरे भट्टीच्या आदल्या दिवशी बायकोशी फार गोड वागायचे.

बिसरामला मात्र ती सोय नव्हती. त्याची बायको रुख्मा बारमाही रागात असायची. ऊन पडलं तर उन्हावर, नाही पडलं तर ढगांवर. बिसराम हसायचा. म्हणायचा, "हिच्या तोंडची वाफ नळीत सोडली, तं भाता लागतेच कायले?"

चैत्र सरता सरता जंगलखात्याचा हुकूम आला. जंगल राखीव. कोळसा पाडायचा नाही. भट्टी पेटवायची नाही.

हुकूम घेऊन मुन्नालाल नाकेदार आला, तेव्हा रुख्माची भट्टी पेटलेली होती. बिसराम भात्यावर होता, डोळे मिटून. मळी नुकती कुठे वाहायला लागली होती.

"बंद करो," मुन्नालाल म्हणाला.

"लोखंड बसू दे," रुख्मा म्हणाली. "मंग करतो बंद."

"हुकूम आज का है।"

"तुह्या हुकूमाले का भूक लागली का? बसू दे त्याले सावलीत. सांजच्याले बंद होते."

मुन्नालालच्या मागे वस्तीतली माणसं उभी होती. त्यातलं कोणीतरी हसलं. तेवढं हसू पुरलं. मुन्नालालने खात्याचा नाल मारलेला बूट उचलला आणि भट्टीच्या पोटात घातला.

माती फुटली. आतली आग बाहेर सांडली. रुख्मा उसळून उठली आणि नाकेदारावर धावली. त्याच्या आईपासून सुरुवात केली, आणि त्याच्या साहेबाच्या आगबोटीपर्यंत गेली. सुकराम, म्हणजे बिसरामचा धाकटा भाऊ, सांगायचा की वयनीने त्या दिवशी ज्या शिव्या दिल्या, त्यातल्या काही त्याला पुढे कित्येक वर्षांनी समजल्या.

त्या वेळी तिने एकच शब्द बोलायचा होता.

ती दुसरे पन्नास बोलली.

बिसराम डोळे मिटून भाता मारतच होता. उतर म्हणालं नव्हतं कोणी. आणि तो वारा आता भट्टीत नाही, उघड्या आगीत जात होता... आग मागे वळली. भात्याकडे.

रुख्माने मागे वळून पाहिलं तेव्हा तो खाली पडलेला होता. पाय अजून हलत होते. डावा... उजवा... डावा...

मग तेही थांबले.

मुन्नालालने लिहून नेलं की भट्टी बंद झाली.

बिसरामला वस्तीने माती दिली. रुख्मा रडली नाही. ज्याने त्याने तिला समजावलं, तिने ज्याला त्याला हाकललं. फुटकी भट्टी तशीच राहिली. तिच्यामागे भाताही तसाच राहिला. आग तिथवर गेली होती, तरी कातड्याला डागही नव्हता.

हे तेव्हाच खटकायला हवं होतं.

वैशाख लागला. एका दुपारी रुख्मा दारात मोहफुलं निवडत बसली होती. वस्ती चिडीचूप. कुत्रीसुद्धा सावलीला.

आणि...

फुस्स.

तिने मान वर केली.

फुस्स... फुस्स...

ती भट्टीकडे गेली. भाता चालू होता.

डावं कातडं खाली जात होतं, उजवं वर येत होतं. मग उजवं खाली. बांबू करकरत वाकत होता. डावा पाय थोडा जोरात पडत होता. बिसरामचा तसाच पडायचा.

भात्यावर कोणी नव्हतं.

दुसरी कोणी असती तर किंचाळली असती. रुख्माला राग आला.

"ए! कायले मारून राहिला? भट्टी फुटली ना! आत कोळसा नाही, दगड नाही, कोणाले वारा देतेस?"

फुस्स... फुस्स...

मग तिचा आवाज खाली आला. "बिसराम," ती म्हणाली. नवऱ्याचं नाव ती पहिल्यांदाच घेत होती. "उतर."

भाता थांबला नाही.

ती पुन्हा म्हणाली. मोठ्याने म्हणाली. ओरडून म्हणाली. त्या ओरडण्याने सुकराम झोपेतून उठून आला. त्याने भाता पाहिला आणि शांतपणे शेजारच्या मोहाच्या झाडावर चढून बसला.

"सुकराम, खाली ये."

"मी इथंच बरा आहो, वयनी."

"तुहा भाऊ आहे तो!"

"भाऊ आहे म्हणून तं झाडावर चढलो. दुसरा असता तं गाव सोडून देलं असतं."

तेवढ्यात रुख्माला दिसलं. रिकाम्या भात्याच्या कातड्यावर थेंब पडत होते. एक इकडे... एक तिकडे. ऊन रणरणत होतं, आभाळात ढगाची चिंधी नव्हती. तिने बोट लावून जिभेवर टेकवलं.

खारट.

घाम होता.

ती झाडाकडे वळली. "मी उतर म्हणतो, पण तो कसा उतरंन? लोखंड कुठं बसलं? त्याले माईत आहे, मी खोटं बोलून राहिलो."

"मंग?"

"मंग तू पाय ठेव भात्यावर. तो सुटंन."

"आणि मंग मले कोण उतरवंन?" सुकरामने विचारलं.

आणि तेवढ्यात सुकरामचा पायही मुरगळला होता, झाडावर बसल्या बसल्या.

म्हणजे आता एकच वाट. अर्धी राहिलेली भट्टी पुरी करायची. माती होती. दगड होता. वारा तर होताच. नव्हता तो कोळसा.

दुसऱ्या दिवशी रुख्मा मुन्नालालच्या नाक्यावर गेली. तो पंख्याने वारा घेत बसला होता. शेजारी त्याची बायको पुष्पाबाई तांदूळ निवडत होती.

"कोळसा पाडायचा आहे," रुख्मा म्हणाली.

"किसके नाम से?"

"बिसरामच्या."

मुन्नालालचा पंखा थांबला. "वो तो मर गया।"

"मेला. उतरला नाही."

"कौनसी भट्टी?"

"तू फोडली तेच."

"वो भट्टी तो बंद है।"

"म्हणून तं पेटवतो! एकडाव पुरी होऊ दे. मंग मीच फोडतो."

मुन्नालालने मन लावून विचार केला. तो वाईट माणूस नव्हता म्हणतात. असेल बापा. "देख बाई, मरे हुए आदमी को कोयला नहीं मिलता।"

"कोणत्या नेमात लिवलं?"

"किसी में नहीं लिखा। इसीलिए नहीं मिलता।"

पुष्पाबाई मध्येच म्हणाली, "अहो, देऊन टाका ना. एक टोपलीच तर."

"तू चावल देख," मुन्नालाल म्हणाला.

रुख्माने त्या वेळी एकही शिवी दिली नाही. सुकराम बाहेर उभा होता. तो सांगायचा, की वयनी गप्पच बाहेर आली, तेव्हा त्याला भाता पाहिला त्याहून जास्त भीती वाटली.

तिने जंगलात जाऊन धावडा तोडला. उघड तोडला. कोळसा पाडला. धूर प्रतापगडाच्या माथ्यावरून दिसत होता. तिला वाटलं असतं तर तिने नाकेदाराला निरोपही धाडला असता, की धूर दिसला नसेल तर आणखी करतो. भट्टीची भगदाडं मातीने लिंपली. भात्याशेजारी पाण्याने भरलेला तांब्या ठेवला, आणि सकाळीच आग घातली.

भाता चालूच होता. आता वाऱ्याला जागा मिळाली.

आग अशी उठली की सुकराम झाडावरून एक फांदी आणखी वर गेला. कोळसा, दगड, कोळसा. रुख्मा घालत होती आणि शिव्या देत होती. दगडाला, आगीला, खात्याला. बघायला वस्ती जमली. कोणी जवळ आलं नाही, पण कोणी गेलंही नाही. रिकाम्या भात्यावर घामाचे थेंब पडत होते आणि वाफ होऊन उडत होते.

ऊन डोक्यावर आलं. मळी वाहायला लागली... आधी जाड, काळी.

मग पातळ व्हायला लागली. मधासारखी.

थोडंच राहिलं होतं. थोडंच.

आणि मुन्नालाल आला.

भट्टीला लाथ घातली तर काय होतं ते त्याला ठाऊक होतं. लोकांसमोर पुन्हा तसं करायचं नव्हतं. त्याने नुसतं वारा बंद करायचं ठरवलं. भात्यावर कोणी दिसत नव्हतं, तरी तो हलत होता. बांबूचीच काही करामत असेल, असं त्याला वाटलं.

"इसको तो मैं अभी रोकता हूँ," तो म्हणाला.

"नको!" सुकराम वरून ओरडला. "साहेब, त्याच्यावर पाय नको—"

मुन्नालालने दोन्ही बूट दोन कातड्यांवर रोवले.

भाता थांबला.

सगळं थांबलं. पाखरंसुद्धा.

मग रुख्माला शेजारी कोणीतरी धप्पकन बसल्यासारखं वाटलं. दमून बसतात तसं. दिसलं काही नाही. पण तांब्यातलं पाणी... खाली जायला लागलं. हळूहळू नाही. घटाघटा. दिवसभराची तहान असावी तसं. तांब्या रिकामा झाला आणि कलंडला.

रुख्माने त्या रिकाम्या जागी हात ठेवला. माती गार होती. भट्टीपासून हातभर अंतरावर, वैशाखात... गार.

"सुटला," ती म्हणाली.

फुस्स.

सगळ्यांनी वर पाहिलं. मुन्नालालचा डावा पाय खाली गेला होता.

फुस्स. आता उजवा.

"ये क्या है?" मुन्नालाल म्हणाला. "ए! ये क्या—"

डावा... उजवा... डावा...

तो उतरायला धडपडत होता. कमरेपासून वरचा मुन्नालाल उतरत होता. खालचा भाता मारत होता. आधी त्याने धमकी दिली. मग हुकूम दिला. मग, सुकराम सांगायचा, त्याने स्वतःच्या पायांना बडतर्फ केलं. पाय ऐकेनात. बूट फाटले, टाचा भोकांवर घासून सोलल्या. लोक ओरडायला लागले, "उतर! उतरा साहेब!" पण लोकांच्या म्हणण्याने काय होतं? शब्द भट्टीवालीचा लागतो.

भट्टीवाली मळी बघत होती.

मळी संपली. लोखंड बसलं. तिने एकटीने भट्टीचं तोंड फोडलं, पांढरा पडलेला गोळा चिमट्याने ओढून काढला आणि घणाने ठोकला. ठिणग्या उडाल्या. असं लोखंड त्या वस्तीने कधी पाहिलं नव्हतं.

काम झालं होतं. आता तो शब्द बोलायला काही हरकत नव्हती.

"वयनी," सुकराम खाली उतरून आला. पाय बरा झाला होता. "म्हण ना वो. झालं लोखंड."

रुख्माने मुन्नालालकडे पाहिलं. तो रडत होता. डावा... उजवा...

"माह्या माणसाले कोणी म्हटलं होतं?" ती म्हणाली.

"त्याच्यात तुहीही चूक—"

"मले माईत आहे!" ती इतक्या जोरात ओरडली की सुकराम मागे सरला. "मले माईत आहे. ते सांगू नको मले."

तिने घण खांद्यावर टाकला आणि घरात गेली. दार लावून घेतलं.

शेवटी पाच-सहा जणांनी मिळून मुन्नालालला ओढून खाली आणला. बैलगाडीत घातला. गाडीतही त्याचे पाय चालूच होते. नाक्यावर खाटेला बांधले तरी चालू होते. वैद्य आला, दर्ग्याचा ताईत आला, अर्जुनीहून डॉक्टर आला. डॉक्टर म्हणाला, हे ऊन लागल्याने होतं.

मग एक दिवस पुष्पाबाई रुख्माच्या दारात आली. अनवाणी. दोघी उंबरठ्याच्या दोन बाजूंना बसल्या.

"झोपेत पण चालतात," पुष्पाबाई म्हणाली. "मी रात्रभर धरून बसते. एक शब्द आहे बाई. तेवढा टाक."

"तुह्यावर राग नाही मले," रुख्मा म्हणाली. "तू म्हटलं होतं, दे म्हणून. मी ऐकलं."

"मग?"

"रोज म्हणून पायतो. सकाळी उठून बसतो आणि तोंड उघडतो. माहा बिसराम दिसते मले, डोये मिटून. मंग आगच येते तोंडात. शब्द येत नाही."

"मग मी काय करू?"

रुख्मा रडली ती तेव्हा. बिसराम गेल्यापासून पहिल्यांदा. रडता रडता पुष्पाबाईला म्हणाली, "जा. मले आणखी राग येते तू बसली तं. जा."

आधी रुख्मा गेली. तापाने गेली, पावसाळ्यात. शब्द तोंडातच राहिला.

नंतर मुन्नालाल गेला. त्याला चितेवर ठेवलं तेव्हा पाय शांत होते, हे सगळ्यांनी पाहिलं. लोकांनी हात जोडले. सुटला बिचारा म्हणाले.

त्याच दुपारी वस्तीत आवाज आला.

फुस्स... फुस्स...

बूट घातल्यासारखा. जड.

वस्ती उठून गेली. भट्टीची माती पावसात वाहून गेली, बांबू कुजला, कातडं उंदरांनी खाल्लं. तिथे आता भाता नाहीच. तरी त्या बाजूला गुरं चारणारे भर दुपारी थांबत नाहीत. जमीन श्वास घेते म्हणतात. मला विचाराल तर मीही एकदाच गेलो, आणि पायात चपला आहेत की नाहीत ते न बघता पळत परत आलो.

एवढंच नक्की, की मुन्नालालच्या जागी दुसरा नाकेदार आला त्या महिन्यात पुष्पाबाईने खात्याकडे एक अर्ज केला. सुकरामला तो तोंडपाठ होता, कारण लिहून घेताना तोच सोबत बसला होता.

"मेहेरबान जंगल अधिकारी साहेब यांचे हुजुरास,

अर्जदार पुष्पाबाई, मयत मुन्नालाल नाकेदार यांची पत्नी, नम्रपणे विनंती करते ती येणेप्रमाणे. माझे यजमान मृत्यूनंतरही सदर ठिकाणी खात्याच्या कामी अखंड हजर असून त्यांस रजा, पगार अथवा पाणी मिळत नाही. त्यांस मोकळे करण्याचा अधिकार ज्या बाईस होता ती मयत आहे. करिता मेहेरबान साहेबांनी त्यांच्या ऐवजी एक इसम नेमावा. इसम सशक्त असावा. त्याच्या मागे वाट पाहणारे कोणी नसावे, ही अर्जदाराची विशेष विनंती आहे. नेमलेल्या इसमाने कोणत्याही दिवशी भर दुपारी हजर होऊन पाय ठेवावा. अर्जदार पाण्याचा तांब्या घेऊन रोज त्या जागी उभी असते.

योग्य तो हुकूम लवकर व्हावा. ऊन फार आहे."